बांधाच्या दोन बाजू

मंडळी, सरकारला नावं ठेवायला आपल्याला मुहूर्त लागत नाही. पारावर बसलं, गिरणीत दळण टाकलं, लग्नात पंगतीला बसलं, की पहिला घास वरणभाताचा आणि दुसरा सरकारचा. मीही त्यात मागं नाही. पण गेली दोन-तीन वर्षं एक विचार डोक्यात घोळतो आहे, तो आज तुमच्यापुढं मांडतो. पटला तर घ्या, नाही पटला तर सोडून द्या.

माझी जमीन निफाड तालुक्यात. फार नाही, पाच एकर. तीन एकर द्राक्षबाग, दोन एकर कांदा. मधे एक बांध, बांधावर एक बाभूळ. माती तीच, विहीर तीच, राबणारी माणसं तीच, आणि सरकारही तेच. तरी द्राक्ष काढायच्या दिवसांत घरात धांदल असते आणि कांदा काढायच्या दिवसांत धाकधूक. धांदलीनं माणूस दमतो, पण रात्री पडल्या पडल्या झोप लागते. धाकधुकीचं तसं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एकाच बांधाच्या दोन बाजूंना असं का व्हावं? त्याचं उत्तर शोधता शोधता माझ्या ध्यानात आलं, की सरकारनं देशाच्या मालासाठी काय करावं आणि काय करू नये, याचा सगळा धडा माझ्या या पाच एकरांतच लिहिलेला आहे.

मोठ्या सभांतून उत्पादकता आणि स्पर्धा असे शब्द ऐकू येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सोपं आहे. एका एकरात, एका माणसाच्या एका दिवसात आणि एका पाळीच्या पाण्यात किती माल निघाला, ती उत्पादकता. आणि तो माल परमुलखातल्या बाजारात दुसऱ्याच्या मालाशेजारी मांडला, की गिऱ्हाइकाचा हात कुणाच्या मालाकडं जातो, ती स्पर्धा. पहिली गोष्ट बरीचशी आपल्या हातात आहे असं वाटतं. आहेही. पण वाटते तेवढी नाही.

आता कांद्याच्या बियांचंच बघा. आपल्या देशात कांद्याचं सरासरी उत्पन्न हेक्टरी सोळा-अठरा टनांच्या आसपास. हॉलंड हा एवढासा देश, पण तिथला शेतकरी याच्या अडीच-तीन पट कांदा काढतो आणि जगभर विकतो. मग एखादा हुशार माणूस म्हणतो, आणा की ते बी इकडं! पण ते बी इथं चालत नाही. कांद्याचं रोप दिवस मोजतं. दिवस त्याच्या मापाचा लांब झाला, की मगच ते जमिनीत गड्डा धरतं. हॉलंडच्या कांद्याला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो, तो त्यांना जूनमध्ये मिळतो. आपल्याकडं हिवाळ्यात दिवस अकरा तासांचा. ते रोप इथं नुसती पात वाढवत बसेल, खाली गड्डा भरणार नाही. म्हणजे आपलं बी आपल्यालाच, आपल्याच उन्हात शोधायला हवं.

ते कुणी शोधायचं? कंपनीनं म्हणाल, तर तिनं का शोधावं? आपल्या घरात काय होतं ते आठवा. मोठे, गोल, एका रंगाचे कांदे निवडून घरातली बाई बाजूला ठेवते, ते पुन्हा लावतो, डोंगळे येतात, बी झोडून डब्यात भरून ठेवतो. एकदा चांगलं बी हाताला लागलं, की पुढं वर्षानुवर्षं घरचंच. ज्या मालाला गिऱ्हाईक एकदाच येणार, त्यावर कंपनी दहा-पंधरा वर्षं पैसे कशाला घालील? हे काम सगळ्यांच्या फायद्याचं आहे, म्हणूनच ते एकट्याच्या फायद्याचं नाही. असं काम सरकारनंच करायचं असतं, आणि ते त्यानं केलं, हे कबूल केलं पाहिजे. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ साली निघालं. त्याच्या पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून एन-२-४-१ हा उन्हाळ कांदा आला, तोही गावरान कांद्यातून निवडून निवडून. आज नाशिक जिल्ह्यातल्या चाळीत चार-पाच महिने टिकणारा कांदा दिसला, की त्यात कुठंतरी या एन-२-४-१ चा अंश असतोच. पुढं १९७७ साली कांद्याची राष्ट्रीय संस्था निघाली, तिनं ॲग्रीफाउंड लाईट रेड दिला. राजगुरुनगरच्या केंद्रानं भीमा शक्ती, भीमा किरण असे वाण दिले. ही माणसं आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्या नावाचा फलक कुठल्या चौकात नाही. पण माझ्या दोन एकरांत जो माल निघतो, त्यात त्यांचा वाटा आहे.

म्हणजे बांधाच्या पलीकडं, कांद्याच्या बाजूला, बियांपर्यंत सरकारचं काम चोख. गडबड पुढं आहे. तिकडं जाण्याआधी जरा बागेत येऊ.

द्राक्षाची गोष्ट सगळी सरकारनं घडवली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. सोलापूरकडचे नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका हा वाण शोधला. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश शोधला. दोघेही शेतकरी, दोघांनीही आपल्याच बागेतली वेगळी फांदी डोळ्यांत तेल घालून पाहिली. मंडप, ठिबक, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, सगळं शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या बागा बघून बसवलं. माल चांगला निघू लागला. परदेशीही जाऊ लागला. १९९१ साली महाग्रेप्स नावाची द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांची संघटना उभी राहिली, तिनं विलायतेचा रस्ता दाखवला.

आणि मग २००३ साली घोळ झाला. युरोपात आपल्या काही द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश ठरल्यापेक्षा जास्त निघाला. पाच-पंचवीस पेट्यांत निघाला, पण तिकडच्या दुकानदाराला निफाडचा कोण, तासगावचा कोण, हे थोडंच कळतं? त्याच्या लेखी सगळी द्राक्षं हिंदुस्थानची. एकानं फवारणीनंतर ठरलेले दिवस न थांबता माल तोडला, तर दुसऱ्या हजारांचं नाव जातं. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा परक्या माणसाला दाखवायची सोय तुमच्याकडं नसते. ती सोय एका घरानं करायची म्हटली तरी होत नाही, गावानं म्हटलं तरी होत नाही.

इथं सरकार कामाला आलं. निर्यातीच्या बागांची नोंद सुरू झाली. प्रत्येक बागेला नंबर. कुठलं औषध चालेल, तोडणीआधी किती दिवस फवारायचं नाही, याची यादी आली. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र होतंच, तिथली प्रयोगशाळा इतर प्रयोगशाळांवर देखरेख करू लागली. २००६ च्या सुमारास ही सगळी नोंद संगणकावर गेली, तिला ग्रेपनेट म्हणतात. आता माझ्या बागेची गोष्ट सांगतो. फवारणीची वही माझी सून लिहिते. तारीख, औषधाचं नाव, किती पाण्यात किती, कुणी मारलं. खाडाखोड तिला चालत नाही, मला तर ती वहीला हातही लावू देत नाही. तोडणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येतो, बागेतून फिरून नमुना घेतो, पिशवीला सील करतो. अहवाल बरा आला तरच पुढं पॅकहाऊस, पुढं ॲगमार्क, पुढं रोग-कीड नसल्याचा दाखला, आणि मग कंटेनर. हॉलंडमधल्या एखाद्या बाईनं घेतलेली पेटी खराब निघाली, तर त्यावरच्या नंबरावरून माग काढत माझ्या बाभळीपर्यंत येता येतं! पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या चुलत्याला भीती वाटली होती. मला मात्र बरं वाटलं. नाव घेऊन शिव्या बसल्या तरी चालतील, दुसऱ्याच्या पापाच्या नकोत.

ही व्यवस्था काही देवानं दिलेली नाही. २०१० च्या हंगामात तिला मोठं भगदाड पडलं, ते तुमच्यापैकी बागाईतदारांना आठवत असेल. वेलीची वाढ रोखायला आपण जे सीसीसी वापरत होतो, त्याचा अंश युरोपात सापडला. तिथली मर्यादा किती? किलोला एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. आणि गंमत अशी, की आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. नमुने पास झाले, माल गेला, आणि तिकडं जाऊन अडकला. माझ्या मेहुण्याची दोन कंटेनरची रक्कम त्या वर्षी बुडाली. व्यापाऱ्यानं हात वर केले. पोरीचं लग्न ठरलेलं होतं, ते एक वर्ष पुढं ढकललं. घरात कुणी काही बोलत नव्हतं, पण बहीण महिनाभर देवळाच्या रस्त्यानंही गेली नाही, कुणी विचारील म्हणून.

पण पुढं काय झालं ते महत्त्वाचं आहे. निर्यात बंद करा, असं कुणी म्हणालं नाही. ते रसायन यादीत घेतलं, तपासणी कडक केली, शेतकऱ्यांना बजावून सांगितलं, आणि पुढच्या हंगामापासून गाडी पुन्हा रुळावर आणायचं काम सुरू झालं. चूक सापडली तर माप सुधारायचं, दुकानाचं दार बंद करायचं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण कांद्याकडं नेमकं उलटं आहे.

द्राक्षातही सरकारची उधारी शिल्लक आहेच. पेरू देशाचं नाव ऐकलंय का? आपला खायचा पेरू नव्हे, दक्षिण अमेरिकेतला देश. २००० साली जगाच्या द्राक्षबाजारात त्याला कुणी विचारत नव्हतं. वीस वर्षांत तो सगळ्यांत मोठ्या निर्यातदारांच्या रांगेत येऊन बसला. त्यांचा समुद्रकाठ म्हणजे वाळवंट, पाऊस जवळजवळ नाहीच. उत्तरेकडं सरकारी धरणाचं पाणी त्या वाळूत नेलं. फळमाशी आवरायला सरकारी खातं मागं लागलं, आणि देशोदेशी करार करून जकातीचा अडसर काढला. युरोपात २०१३ पासून त्यांची द्राक्षं कराराच्या सवलतीनं शिरू लागली. चिली आणि दक्षिण आफ्रिका यांचे करार तर त्याही आधीचे. आपली द्राक्षं मात्र जकात भरून त्याच मांडणीवर जायची. माल तोच, कष्ट तेच, पण आपली पेटी आधीच महाग. शिवाय त्यांच्याकडं नवनवे वाण, आणि आपण कित्येक वर्षं थॉमसनचीच वेल धरून बसलो. असो. त्यांचंही सगळं गोडच आहे असं नाही. दक्षिणेकडच्या इका भागात त्यांनी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं, की विहिरी खोल खोल चालल्या. ते दुखणं आपल्याला ओळखीचं आहे.

आता बांध ओलांडून कांद्यात या.

कांदा चाळीत भरून झाला, भाव जरा वर आला, की शहरात ओरड होते. आणि मग एखाद्या रात्री हुकूम निघतो. तारखा सांगतो. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, ती उठली १५ मार्च २०२० ला. सहा महिने जात नाहीत तोच १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, ती उठली १ जानेवारी २०२१ ला. १९ ऑगस्ट २०२३ ला चाळीस टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरच्या खाली विकायचं नाही, असा दंडक. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा पुरती बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, तीही शुल्काचं ओझं डोक्यावर ठेवून. ते शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. पाच-साडेपाच वर्षांत तीन वेळा दार बंद, आणि मधल्या काळात कधी अर्धं उघडं, कधी कडी लावलेली.

दार बंद झालं म्हणजे काय होतं, ते बाजार समितीत उभं राहिलेल्यालाच कळतं. सकाळी ट्रॉली भरून निघावं, तेव्हा एक भाव कानावर असतो. दुपारी लिलावाची बोली सुरू होते तेव्हा तो अर्ध्यावर आलेला असतो. माल परत न्यावा तर डिझेल, तिथंच द्यावा तर रडू. २०२० साली बांगलादेशच्या सीमेवर कांद्याचे ट्रक उभे राहून सडले, बंदरात कंटेनर अडकले. डिसेंबर २०२३ मध्ये लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले.

पण मंडळी, भावाचं नुकसान हे एका हंगामाचं असतं. खरं नुकसान गिऱ्हाइकाच्या मनात होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी हसत हसत सांगितलं, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलंय, आणि तुम्ही आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभा हसली. मी ते वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. आपल्या दुकानाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, शेजारचं, एवढंच मागत होतं, की आधी सांगा. त्यानंतर त्यांनी तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तान, चीन, म्यानमार, मिळेल तिथून कांदा आणला. आपल्या देशातलं पीक वाढवायच्या मागं लागले. किराणा दुकान कधी उघडं, कधी बंद असलं, की आपणही पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात खातं काढतो ना? आणि एकदा खातं काढलं की जुन्या दुकानदारानं दार उघडलं तरी आपण लगेच परत जात नाही.

इथं कुणी म्हणेल, शेतकऱ्याला काय, त्याला फक्त भाव दिसतो. तसं नाही. माझी धाकटी बहीण डोंबिवलीला असते. नवरा गिरणीकामगाराचा मुलगा, आता एका कारखान्यात. दोन खोल्या, तीन माणसं शिकणारी. कांदा साठ-सत्तर रुपयांवर गेला की तिचा फोन येतो, "दादा, तुम्ही तिकडं नुसते नोटा मोजताय काय रे?" मी तिला रागावत नाही. तिची फोडणी खरी आहे. सरकारनं तिचीही काळजी घेतलीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे, की ती काळजी माझ्या चाळीच्या दाराला कुलूप लावून घ्यायची, की आधीपासून तयारी करून घ्यायची.

तयारीचे रस्ते आहेत. सरकार स्वतः कांदा विकत घेऊन साठा करतं, २०२३ साली तो तीन लाखांवरून पाच लाख टनांवर नेला. कल्पना चांगली. मार्च-एप्रिलला काढणीच्या गर्दीत भाव पडतो तेव्हा बऱ्या भावानं घ्यावा, आणि श्रावण-भाद्रपदात शहरात हळूहळू सोडावा, तर माझीही सोय आणि बहिणीचीही. पण खरेदी उशिरा, कमी भावानं, आणि विक्री नेमकी आमचा माल बाजारात आला असताना, असं झालं की दोघांचाही विश्वास उडतो. साठवणुकीचंही तसंच. चाळीत चार-सहा महिन्यांत वजनात घट, सड आणि मोड मिळून चौथा-तिसरा हिस्सा सहज जातो. भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली खास लासलगावात किरणोत्सारानं मोड रोखायचा प्रकल्प उभा केला. मोड रोखला जातो, पण सड आणि घट रोखायला पुढं थंड गुदामं हवीत, ती पुरेशी झाली नाहीत. गंमत बघा, त्या प्रकल्पाचं नाव झालं ते २००७ साली अमेरिकेला निघालेल्या हापूसमुळं! कांद्याच्या गावात, कांद्यासाठी बांधलेलं, आणि मानाचा पाहुणा आंबा.

द्राक्षाला एक वागणूक आणि कांद्याला दुसरी, असं का? द्राक्ष महाग झालं म्हणून कुणाचं सरकार पडलेलं नाही. कांद्यानं मात्र राज्यकर्त्यांना रडवलंय. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचारात गाजला. १९९८ साली दिल्लीत सत्तापालट झाला, त्यातही कांद्याचा वाटा होता असंच सगळे मानतात. तेव्हापासून पक्ष कुठलाही असो, कांदा वर जाऊ लागला की दिल्लीला घाम फुटतो. आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून सरळ काम होत नाही.

आता माझ्या घरातलं. मुलगा तीस वर्षांचा आहे. नोकरीच्या मागं न लागता शेतीत उतरला. गेल्या वर्षी त्यानं मला विचारलं, "आण्णा, पंचवीस टनांची नवी चाळ बांधू, का बांध मोडून तिकडंही बाग लावू?" चाळ म्हणजे काही लाखांचं काम. बाग म्हणजे त्याच्या कितीतरी पट. मातीचं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पाण्याचं, बियांचं, रोगाचं सांगितलं असतं. पण त्याला खरं विचारायचं होतं ते हे, की मी चाळ भरीन त्या वर्षी ऑगस्टमध्ये दार उघडं असेल का? हे मी कसं सांगणार? उत्पादकता वाढत नाही, वाढत नाही म्हणतात, ती इथं अडते. पोराच्या हातात बळ आहे, डोक्यात अक्कल आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण ज्या घरात रात्री हुकूम येतो त्या घरातला माणूस दहा वर्षांची चाळ बांधत नाही. तो एका हंगामापुरतं पत्र्याचं आडोसं करतो, आणि मग सड वाढते, आणि मग शहरात भाव चढतो, आणि मग पुन्हा हुकूम येतो. आम्ही शेवटी चाळ बांधली, पण अर्धीच. साडेबारा टनांची. उरलेल्या पायाच्या जागी सध्या गवताची गंजी आहे.

मला सरकारनं कांद्याचा भाव ठरवून द्यावा असं वाटत नाही. द्राक्षाचा तरी कुठं ठरवून देतं? निर्यातीवर कधीच बंधन नको, असंही मी म्हणत नाही. दुष्काळ पडला, पीकच बुडालं, तर आधी घरची चूल. पण उन्हाळ कांद्याची रोपं टाकायच्या आत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, सांगून टाकावं, की देशात इतका कांदा असेल तोवर दार उघडं, याच्या खाली गेला तर इतकं शुल्क, आणि तेही महिनाभर आधी कळवून. मग मी दोन एकर लावायचा की एक, हे माझं मी बघीन. ढाक्याचा व्यापारीही त्याचं तो बघील.

आणि "इतका कांदा" हे सांगायचं तर आधी तो मोजता आला पाहिजे. खरी मेख इथं आहे. माझ्या बागेचा नंबर दिल्लीला ठाऊक आहे, पण बांधापलीकडं कांदा दोन एकर आहे की चार, याचा दिल्लीला नुसता अंदाज. पूर्वी तलाठ्याकडं पीकपाण्याची नोंद व्हायची, त्यात ऊस उभा असताना बाजरी लिहिलेली मी पाहिली आहे. अंदाज चुकला की बातमी येते, कांदा कमी आहे. बातमी आली की भीती, भीती आली की हुकूम. २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. मोबाईलवरून आपल्या शेताची नोंद आपणच करायची. आमच्या गावात पहिल्या वर्षी लोकांनी टाळाटाळ केली. कुणी म्हणालं कर लागेल, कुणी म्हणालं रेंजच येत नाही. रेंजचं खरं होतं.

तेव्हा तुमच्याकडं कांदा असेल, तर हंगामाची मुदत संपायच्या आत ही नोंद करून टाका. घरातल्या शिकलेल्या पोरीला किंवा सुनेला सांगा, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमतं. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. आमच्याकडं रेंज येते ती बाभळीखालीच. सून तिथं जाऊन माहिती भरते, मग आत जाऊन फोटो काढते, मग पुन्हा बाभळीखाली येऊन पाठवते. यंदा तिनं लिहिलंय, उन्हाळ कांदा, दोन एकर. लागवडीची तारीखही बरोबर टाकली आहे.